भिंतीला टेकलेली खुर्ची

डॉ. कुमुद टिपणीसांची खुर्ची भिंतीला टेकलेली असायची. जवळ नव्हे, अगदी टेकलेली. खुर्चीची पाठ घासून घासून भिंतीच्या रंगावर एक तपकिरी पट्टा उमटला होता. समोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्याचं तोंड मॅडमकडे आणि पाठ साऱ्या जगाकडे. मॅडम अंगाने चांगल्या भरलेल्या. रोज सकाळी त्या पदर खोचून, श्वास आत ओढून, टेबल आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून आडव्या होऊन आत शिरायच्या आणि एकदा बसल्या की जेवणाच्या वेळेपर्यंत उठायच्या नाहीत. "मॅडम, टेबल वीतभर पुढे ओढू का?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ओढ की. मग माझ्या मागे माणूस मावेल. मावला की उभा राहील. उभा राहिला की वाचेल." टेबल होतं तिथेच राहिलं.

पनवेलच्या लाइन आळीत त्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. दोन हजार सालानंतरच्या त्या दहाबारा वर्षांत पनवेल डोळ्यांदेखत फुगत चाललं होतं. खारघरला टॉवर उठत होते, आमच्या गावांकडे जमिनींचे सौदे चालले होते आणि घरोघरी माणसं आपल्या साखरेबद्दल, थायरॉइडबद्दल बोलायला लागली होती. मी जवळच्याच कोन गावची. घर शेतकऱ्याचं, आणि शेताच्या पोटातून एक्स्प्रेस वे गेलेला. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेवढ्या जोरावर मी मॅडमसमोर मुलाखतीला बसले. त्यांनी कॉम्प्युटरचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "रंजना, तुझ्या गावात कुणाच्या घरी काय चाललंय, ते तुला माहीत असतं?"

मी फुशारकीने म्हटलं, "सगळं."

"मग अवघड आहे. इथे बसून तुला ते माहीत नसल्यासारखं गावात फिरता यायला हवं. जमेल?"

मी जमेल म्हटलं. काय कबूल करतेय, ते कळायला मला पुढे बराच काळ लागला.

मॅडमचा एकच प्रश्न होता आणि तो त्या दिवसभर विचारत असायच्या: "रिपोर्ट कुणाचा?" काउंटरवर कुणी येऊन म्हणालं, "आमचा रिपोर्ट द्या," की आतल्या फटीतून आवाज यायचा, "आमचा म्हणजे कुणाचा?" आपल्याकडे रिपोर्ट नेहमी आमचाच असतो. आईचा असला तरी आमचा, मेहुण्याचा असला तरी आमचा. मॅडमना ते व्याकरण मान्य नव्हतं. ज्याचं रक्त, त्याचा रिपोर्ट. तो स्वतः येईल, नाहीतर कुणाला द्यायचा ते लिहून देईल. मधलं काही नाही.

एकदा एक तरुण नवरा बायकोचा रिपोर्ट न्यायला आला. हातात पेढ्यांचा पुडा. आनंदाची बातमी असणार हे त्याने आधीच ठरवून टाकलेलं. मी संगणकात बघितलं आणि माझ्या चेहऱ्यावर बहुधा काहीतरी उमटलं असावं, कारण तो हसायला लागला. तेवढ्यात आतून प्रश्न आला. नवरा म्हणाला, "मॅडम, मी नवरा आहे." मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन. रिपोर्ट बायकोचा आहे. त्यांना पाठवा, त्या वाचतील, मग त्याच तुम्हाला सांगतील." तो म्हणाला, "आणि नाही सांगितलं तर?" "तर पेढे तुम्ही खा." तो बिचारा पुडा घेऊन जिना उतरला. संध्याकाळी दोघं आले. बायको आत गेली, रिपोर्ट वाचला, बाहेर येऊन नवऱ्याच्या कानात बोलली, आणि मग सगळ्या लॅबने पेढे खाल्ले. मॅडमनी दोन खाल्ले. मला मात्र आत बोलावून म्हणाल्या, "तुझा चेहरा फार बोलतो. त्याच्यावर काम कर."

रद्दीचाही त्यांना धसका होता. त्याचं कारण भेळ. बस स्टँडजवळच्या गाडीवरची भेळ मॅडमना प्राणप्रिय. एका संध्याकाळी आम्ही दोघी ती खात होतो. निम्मी भेळ संपली आणि कागदाच्या तळाशी अक्षरं दिसायला लागली. दुसऱ्या कुठल्या तरी लॅबचा जुना रिपोर्ट होता. बाईचं नाव होतं, वय होतं, आणि एक असं निदान होतं की जे त्या बाईने तिच्या आईलाही सांगितलं नसेल. मॅडमनी चमचा खाली ठेवला. उरलेली भेळ कचऱ्याच्या डब्यात ओतली आणि त्या तेलकट कागदाचे तुकडे करत बसल्या, इतके बारीक की एकाही तुकड्यावर अख्खं अक्षर राहू नये. "कुणाची तरी लेक आहे गं ही," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून लॅबमधला चुकलेला, फाटलेला प्रत्येक कागद त्या स्वतःच्या हाताने फाडायच्या. फोनवर बोलताना, चहा पिताना, त्यांची बोटं कागद फाडत असायची. भेळ खाणं त्यांनी सोडलं नाही, पण बशी घरून आणायला लागल्या.

लॅबची दोन छोटी केंद्रं होती, एक खारघरला आणि एक आमच्या कोनला. तिथे रक्त घ्यायचं, नमुने पनवेलला आणायचे, तपासायचे आणि रिपोर्ट परत तिकडे पाठवायचे. सुरुवातीला कोनचे रिपोर्ट फॅक्सने जात. फॅक्सचं यंत्र गावातल्या वाण्याकडे होतं, फोनच्या बूथला लागून. वाणी माणूस चांगला. आलेला कागद तो नीट घडी करून केंद्रावर पोचवायचा. फक्त घडी करायच्या आधी वाचायचा. एक दिवस माझे चुलते त्याच्याकडे गूळ आणायला गेले, तर वाणी म्हणाला, "काका, गूल नाय देनार. तुमची साखर लई वारलीय." चुलत्यांचा रिपोर्ट तोवर त्यांच्या हातातही पडला नव्हता. घरी येऊन ते तणतणले, "माजा रगत, न् मला ठावं नाय, याला ठावं!"

मी हा किस्सा मॅडमना हसत हसत सांगितला. त्या हसल्या नाहीत. "त्यांच्या आधी वाण्याला कळलं?" असं त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी फॅक्स बंद. मॅडमनी एक स्टीलचा डबा आणला, त्याला कडी बसवून घेतली आणि कडीला छोटं कुलूप. एक किल्ली आमच्याकडे, एक कोनच्या केंद्रावर. रोज दुपारी तो डबा कोनच्या रिक्षातून जायचा. रिक्षावाल्याने एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, असं काय जेवता की डब्याला टालं लागतं?" मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला पचणार नाही असं."

डबा चालला, पण खारघरच्या लोकांना घाई. त्यांना रिपोर्ट ऑफिसला निघायच्या आधी हवा. कुणी म्हणालं, ईमेल करा. मॅडमनी माझ्याकडून ईमेलची सगळी वाट समजून घेतली: इथून निघतं, अमक्या ठिकाणी थांबतं, तमक्या ठिकाणी पोचतं. आणि प्रत्येक थांब्याला विचारलं, "इथे वाणी आहे का?" शेवटी खारघरचा एक इंजिनियर आला. टाय लावलेला, बोलणं झरझर. तो म्हणाला, व्हीपीएन घ्या. तिन्ही ठिकाणं इंटरनेटवरूनच जोडू, पण आतून आपला खासगी रस्ता. माहिती निघतानाच कुलूपबंद होते, पोचल्यावर उघडते. "मिलिटरी ग्रेड आहे मॅडम."

"मिलिटरीचं राहू द्या. माझ्या पेशंटचं बोला. मध्येच कुणी तार कापून बघितलं तर त्याला काय दिसेल?"

तो म्हणाला, काही कळणार नाही. मॅडम म्हणाल्या, "दाखवा." बिचाऱ्याला तयारी करून दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. त्याने एक खोटा रिपोर्ट पाठवला आणि मधल्या माणसाला जे दिसेल ते पडद्यावर आणलं. नुसता चिन्हांचा आणि अक्षरांचा चिखल. मॅडम चष्मा वर करून खूप वेळ ते बघत राहिल्या. ओळीन्‌ओळ बघितली. मग खूश होऊन म्हणाल्या, "छान आहे. माझं अक्षर असंच आहे." आणि माझ्याकडे वळून, "रंजना, म्हणजे आपला डबाच की."

डबाच होता. फक्त आता तो क्षणात जायचा. सगळे रिपोर्ट पनवेलच्या एका मशीनवर राहायचे. कोन आणि खारघरच्या संगणकावर काही साठायचं नाही. तिथल्या माणसाने पेनड्राइव्हसारखी एक किल्ली लावायची, पासवर्ड टाकायचा, की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवं कुलूप यायचं. मग पेशंट समोर असेल तर त्याचा रिपोर्ट उघडून छापून द्यायचा. हे सगळं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

कोनला हे सुरू झालं त्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. खोलीबाहेर बरीच मंडळी जमली होती. माझ्या चुलत्यांनी विचारलं, "डाक्टरीनबाय, ह्या नवीन मशीनचा काय ते आमाला पन सांगा. परत वान्याला कलनार नाय ना?"

मॅडमनी शेतापलीकडच्या एक्स्प्रेस वेकडे हात केला. "तुमच्या शेतातून गाड्या जातात. आत कोण बसलंय, दिसतं?"

"कुटं! सूं करून जातान."

"मध्येच गाडीत चढता येतं?"

"नाय. दोनी बाजूला तार हाय. जमीन आमची न् आमालाच चराला नाय!"

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "तसंच आहे हे. इंटरनेटच्या तारा सगळ्यांच्याच असतात. पण त्यातून कुणाचा रिपोर्ट जातोय आणि त्यात काय आहे, ते वाटेतल्या कुणाला दिसणार नाही. जिथे चढला तिथे आणि जिथे उतरला तिथेच दिसेल." चुलते मला घरी म्हणाले, "बाय हुशार हाय, पन रस्त्याचा दुखना काडला तिनं." जमीन गेल्याचं त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

कोनच्या केंद्रावर नामदेवकाका होते. सगळं गाव त्यांना नामाकाका म्हणायचं. रक्त घ्यायला त्यांच्यासारखा हलका हात मी बघितला नाही; सुई टोचली हे पोरांना नंतर कळायचं. पण नामाकाकांना गावात परका कुणी वाटतच नसे. रस्त्याने जो जाईल त्याच्या हाती ते शेजारच्या घरचा रिपोर्ट द्यायचे. "त्याच्याच घराकरं चालला व्हता," हे त्यांचं कारण. दूध, पत्रिका, चुलत भावाची चप्पल, सगळं गावात असंच पोचतं. त्यात रिपोर्ट वेगळा का, हे त्यांना उमगत नसे. मॅडम रागावल्या की ते मान डोलवायचे. आणि ती किल्ली हरवू नये म्हणून त्यांनी ती देवाच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगली होती, पासवर्डच्या चिठ्ठीसकट. मॅडमनी ते पाहिलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या. "नामदेवराव, अहो तिजोरीला किल्ली लावूनच ठेवलीत." चिठ्ठी फाडली गेली, पासवर्ड बदलला. किल्ली खिळ्यावरच राहिली. नामाकाका म्हणाले, देवाच्या नजरेखाली आहे.

आता जे सांगायचं आहे त्यातल्या मुलीचं नाव मी मनीषा असं म्हणते. ते तिचं नाव नाही. तिची कसली तपासणी होती, तेही सांगणार नाही. मॅडमनी मला जे शिकवलं ते असं सांगून टाकायला नव्हे. एवढं पुरे की गावात कळलं असतं तर तिचं ठरलेलं लग्न मोडलं असतं, आणि पुढचं ठरणंही कठीण झालं असतं. ती घाबरलेली होती, पण तिचा बेत पक्का होता. रिपोर्ट हाती आला की आधी आपण समजून घ्यायचं आणि मग मुलाला स्वतः सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडून त्याला कळता कामा नये. हे तिने मॅडमना सांगितलं होतं, आणि मॅडमनी तिला शब्द दिला होता.

मुलाचे काका म्हणजे गावातले जनार्दनशेठ. जमिनींच्या व्यवहारात मोठे झालेले, लग्नाच्या बोलणीत सगळ्यांत पुढे बसणारे. आमच्या केंद्राची खोली त्यांचीच होती. मुलगी लॅबमध्ये जाऊन आली हे त्यांच्या कानावर गेलं. कसं गेलं ते विचारायलाच नको. गावात कुणी खोकलं की त्याला शिंक येईपर्यंत ती बातमी चार घरं फिरते.

त्या दिवशी मी प्रिंटर नीट करायला कोनला गेले होते. शेठ आले, संगणकासमोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "नामा, त्या पोरीचा रिपोर्ट काड." नामाकाका हातातला कापूस ठेवून उठले आणि त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. मनात काही वाकडं नव्हतं त्यांच्या. शेठ मुलाकडचे, म्हणजे घरचेच.

मी म्हटलं, "शेठ, तो तिलाच देता येतो."

"आगं, माज्या घरान येनारी पोर हाय. मंग रिपोर्ट माजाच झाला ना?"

नामाकाकांनी पासवर्ड टाकला. कोपऱ्यात हिरवं कुलूप आलं. मी बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "मॅडम, कोनहून. एक रिपोर्ट उघडतायत."

"कुणाचा?"

मी नाव सांगितलं.

"ती समोर आहे?"

"नाही. शेठ आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम म्हणाल्या, "फोन ठेवू नकोस." मी दारातून आत बघत उभी राहिले. नामाकाका एका बोटाने नाव टाइप करत होते. आडनावाच्या मध्यावर आले आणि कोपऱ्यातलं कुलूप लाल झालं. पडदा कोरा. मॅडमनी पनवेलला बसून कोनची किल्ली बंद केली होती. त्या क्षणापासून आमच्या खोलीतला संगणक म्हणजे नुसता डबा, तोही रिकामा.

"लाइट गेली काय रं?" शेठ म्हणाले. डोक्यावर पंखा फिरत होता. नामाकाकांनी किल्ली काढली, तिच्यावर फुंकर मारली, सदऱ्याला पुसली, देवाला नमस्कार केला आणि परत लावली. लालच. परत काढली, परत पुसली. मी दारात उभी राहून हसू दाबत होते.

थोड्या वेळाने मॅडमची जुनी मारुती धुरळा उडवत आली. पेशंट, लॅब, सगळं सोडून त्या आल्या होत्या. आत येऊन त्यांनी शेठना नमस्कार केला.

"बाई, तुमचा मशीन बंद परला," शेठ म्हणाले.

"मी बंद केलं."

"आमी काय चोर हाव?"

"नाही. चोर असतात त्यांना मी वाटेतच अडवलंय. तुम्ही ओळखीचे, म्हणून मला स्वतः यावं लागलं." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "शेठ, उद्या तुमचं रक्त माझ्याकडे आलं आणि तुमच्या व्याह्यांनी येऊन रिपोर्ट मागितला, तर मी हेच करीन."

शेठनी खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाले, "खोली माजी हाय."

"खोली तुमची. रिपोर्ट तिचा."

"मंग खाली करा खोली."

"करते," मॅडम म्हणाल्या. आणि खरंच, तिथेच उभ्या राहून त्यांनी फ्रिजचा प्लग काढला.

नामाकाकांना वाटलं आपली नोकरी गेली. रडवेले होऊन ते म्हणाले, "मॅडम, मी काय वाईट केला? घरचाच मानूस व्हता." मॅडम त्यांच्याजवळ स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "नामदेवराव, कुणी फोडून घेतलं असतं तर मी त्या टायवाल्याला बोलावून भांडले असते. तुम्ही उघडून देत होतात. त्याला मी कुठलं कुलूप आणू?" त्यांना त्यांनी काढलं नाही. पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला गाळा मिळाला, तिथे नामाकाकाच होते. मात्र किल्ली आता त्यांच्या गळ्यात, करगोट्याच्या दोऱ्याला. कुणी "शेजारचा रिपोर्ट दे" म्हटलं की ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मॅडम तिथून बगत्यान."

परत येताना मी मॅडमच्याच गाडीत बसले. पळस्प्याच्या फाट्याशी त्या मला म्हणाल्या, "रस्ता सांभाळणं सोपं आहे गं. तो मी विकत आणला. दोन्ही टोकांना माणसं बसतात, त्यांचं काय करायचं?"

दोन दिवसांनी मनीषा पनवेलला आली. मॅडम फटीतून बाहेर आल्या आणि तिला म्हणाल्या, "जा, आत बस." त्या खुर्चीवर मी त्याआधी दुसऱ्या कुणालाही बसलेलं पाहिलं नव्हतं. मनीषा बारीक, सहज आत शिरली. मॅडमनी टेबलाच्या अलीकडून वाकून तिला काय काय लिहिलंय ते समजावलं. मग "आता तुझं तू वाच, लागेल तेवढा वेळ घे," असं म्हणून त्या बाहेर आल्या, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. भेटायला आलेले एक डॉक्टर म्हणाले, "आत कोण आहे?" मॅडम म्हणाल्या, "पेशंट आहे," आणि हलल्या नाहीत. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी हलल्या नाहीत.

मनीषाने मुलाला स्वतः सांगितलं. लग्न झालं. शेठ लग्नात फेटा बांधून मिरवले, आणि आपल्याला काय माहीत नाही ते त्यांना आजही माहीत नाही.

पुढे मॅडमचे गुडघे फटीत शिरायला नाही म्हणू लागले, तेव्हा त्यांनी लॅब हाताखालच्या डॉक्टरांकडे सोपवली. घरी लॅपटॉपवर व्हीपीएन ठेवलं होतं. अडलेल्या रिपोर्टवर त्या घरून मत द्यायच्या. आणि मग एका सकाळी नमुन्यांत एका बाटलीवर मला मॅडमचंच नाव दिसलं.

ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांना अर्थातच कळलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणं टाळलं. रिपोर्ट मशीनवर चढला. सगळी व्यवस्था माझ्या हातात. मला तो उघडायला एक बटण पुरलं असतं. दुपारी मॅडमच्या मुलीचा बंगलोरहून फोन आला. "रंजनाताई, आईचा रिपोर्ट आला ना? सगळं नको सांगूस. नुसतं चांगला की वाईट, एवढंच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "रिपोर्ट कुणाचा?"

पलीकडे ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "तू अगदी आईसारखी बोललीस," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला एवढं तरी सांगायला हवं होतं असं वाटत होतं, पण रिपोर्ट मी उघडलाच नव्हता, त्यामुळे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी मॅडमनी मला घरी बोलावलं. लॅपटॉपवरच्या किल्लीची मुदत संपली होती, हिरवं कुलूप येईना. मी नवीन किल्ली करून दिली. त्या पासवर्ड टाकत होत्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. "आलं," मॅडम म्हणाल्या. मी वळले. त्या वाळल्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"मी थांबू?" मी विचारलं.

"बाहेर थांब."

घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. तरी दार ओढून घेताना मी पाहिलं, त्या पायांनी जमीन रेटत खुर्ची मागे नेत होत्या. थोडी थोडी करत ती भिंतीला टेकली, आणि मग त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. मी दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली, "रंजना, चहा टाक. आलं ठेचून घाल." चहा पिताना त्या नामाकाकांची चौकशी करत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. त्या चेहऱ्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं. ती आमची शेवटची भेट. काही महिन्यांनी मॅडम गेल्या.

दुसऱ्या दिवशी कामाचा भाग म्हणून मी मशीनची नोंद तपासली होती. त्यात एवढंच दिसलं की मॅडमच्या घरून कुणीतरी आत आलं, थोडा वेळ थांबलं आणि निघून गेलं. बाहेरच्याला तेवढंच दिसतं, मॅडमनीच तसं करून घेतलं होतं.

मॅडमना शेवटी काय झालं होतं, असं पनवेलमध्ये लोक मला अजून विचारतात. त्यांना वाटतं मला माहीत असणारच. मला माहीत नाही. तो रिपोर्ट अजून मशीनवर आहे आणि मी तो उघडलेला नाही. कधी कधी फार आठवण येते, तेव्हा वाटतं उघडावा, निदान त्या संध्याकाळी त्या एकट्या काय वाचत होत्या ते तरी कळेल. मग मी श्वास आत ओढून मॅडमच्या जुन्या टेबलाच्या फटीतून आत शिरते, खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवते आणि कामाला लागते.